पूल पार्लर कसं निवडायचं: पैसे भरण्याआधी टेबलाशी दहा मिनिटं

पुण्या-मुंबईत पूल पार्लर, म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने कडेच्या भोकांत टाकायच्या खेळाची जागा, आता शोधावं लागत नाही. कॉलेजच्या आसपास एखाद्या इमारतीच्या तळघरात, मॉलच्या वरच्या मजल्यावर, उपनगरात जिमच्या शेजारी एखादं तरी सापडतंच. नवखा माणूस त्यातलं जवळचं, एसीचं किंवा मित्रांचा अड्डा असलेलं धरतो, आणि त्यात गैर काही नाही. पण रोज खेळणाऱ्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐका. फोनवर ते विचारतात, "तीन नंबर रिकामं आहे का?" पार्लरचं नाव त्या प्रश्नात येतच नाही. एकाच छताखालच्या सहा टेबलांपैकी दोन उत्तम, तीन चालवून घेण्याजोगी आणि एक कामातून गेलेलं, असं सर्रास असतं. त्यामुळे निवडायचं असतं ते टेबल, आणि त्याची निगा राखणारा माणूस. एसी, गाणी, सँडविच वगैरे त्यानंतर.

खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. यातलं बरंचसं तुम्ही काउंटरवर नाव सांगण्याआधीच तपासू शकता.

पायरी १: खेळायचं काय, ते आधी ठरवा

स्नूकर आणि पूल एकाच पार्लरमध्ये असले तरी दोन्हीकडे बघायच्या गोष्टी वेगळ्या. स्नूकरचं पूर्ण मापाचं टेबल १२ फूट बाय ६ फूट, बॉल ५२.५ मिलिमीटरचे. पूलचे बॉल मोठे, ५७.१५ मिलिमीटरचे, आणि टेबलं ७, ८ किंवा ९ फुटी. स्पर्धा ९ फुटीवर होतात. आपल्याकडे जागेच्या भावामुळे बऱ्याच ठिकाणी ८ फुटी असतं आणि विचारलं तर "स्टँडर्ड आहे सर" एवढंच उत्तर मिळतं.

टेप न लावता माप काढायची सोपी युक्ती आहे. नेहमीचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, साधारण ५८ इंचांचा असतो. तो टेबलाच्या रुंदीवर आडवा धरा, एक टोक एका कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) धारेशी. ९ फुटी टेबलावर समोरच्या कुशनच्या धारेपुढे क्यू वीतभर, म्हणजे ८ इंच जातो. ८ फुटीवर हेच अंतर दीड वीत भरतं. वीतभरापेक्षाही कमी जात असेल तर एकतर क्यू आखूड आहे किंवा टेबल पूलचं नाही.

मित्रांसोबत दोन घटका घालवायच्या असतील तर ७-८ फुटी टेबल उलट बरं. बॉल पटापट पडतात, कुणी कंटाळत नाही. सराव करून पुढे स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर मात्र ९ फुटीशिवाय पर्याय नाही. छोट्या टेबलावर सहज बसणारे लांब शॉट मोठ्यावर अचानक दगा देतात.

पायरी २: आडवारी दुपारी एक चक्कर मारा

मंगळवार-बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास जा. गर्दी नसते, मार्कर (टेबलं सांभाळणारा माणूस) निवांत असतो आणि पार्लर जसं आहे तसं दिसतं. शनिवारी रात्री सगळीच पार्लरं सारखी वाटतात.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे तळहात कापडावरून हलकेच फिरवणं. हात निळा झाला तर कापडात चॉकची, म्हणजे क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची, भुकटी मुरलेली आहे आणि बरेच दिवस कुणी टेबल साफ केलेलं नाही. मग कापडाकडे तिरप्या नजरेने, जवळजवळ त्याच्या पातळीत डोळे आणून बघा. ब्रेक (डावाचा पहिला शॉट) जिथून मारतात तिथे आणि रॅक लागतो, म्हणजे सुरुवातीला बॉल रचतात, तिथे पांढरे ठिपके आणि घासलेली पायवाट थोडीफार सगळीकडेच दिसते, ते क्षम्य आहे. कुशनला लागून बारीक खळगी पडली असेल, कापड कुठे सुरकुतलेलं असेल किंवा चिकटपट्टी लावलेली असेल, तर ते टेबल सोडा.

आता मार्करला विचारा, "दादा, कापड कधी बदललं होतं?" उत्तरातल्या महिन्यापेक्षा ते कसं मिळतं इकडे लक्ष द्या. जिथे टेबलाची काळजी घेतली जाते तिथला माणूस पटकन सांगतो, वर "चार नंबरचं पुढच्या महिन्यात बदलणार आहोत" असंही जोडतो. "नवीनच आहे" एवढंच म्हणून तो मोबाइलमध्ये डोकं घालत असेल, तर बाकीच्या तपासण्या जास्त बारकाईने करा.

स्नूकरच्या टेबलावर आणखी एक खूण बघा. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि ती बॉकच्या, म्हणजे जिथून डाव सुरू करतात त्या बाजूकडून काळ्या बॉलच्या बाजूकडे जाते. ब्रश त्याच दिशेने फिरवायचा, मग त्याच दिशेने इस्त्री. कोपऱ्यात टेबलाची इस्त्री ठेवलेली दिसली आणि ती धूळ खात नसली, तर अर्धी परीक्षा तिथेच पास. कुणी मागेपुढे कसाही ब्रश मारत असेल तर त्याला टेबल कळत नाही असं खुशाल समजा. पूलचं कापड बहुधा बिनलवेचं, गुळगुळीत विणीचं असतं. तिथे दिशेचा प्रश्न नाही, पण पुसणं किंवा व्हॅक्यूम करणं हवंच.

पायरी ३: बॉल सरपटत सोडा

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. बॉल क्यूने न मारता हाताने अगदी हळू सोडा, इतका हळू की समोरच्या कुशनला टेकता टेकता थांबेल. वेगात गेलेला बॉल टेबलाचा कल लपवतो. शेवटच्या फूटभरात, बॉल मरत असताना, तो कुठे वळतो ते बघायचं.

लांबीने दोन्ही कुशनच्या जवळून एकेकदा, मधून एकदा, मग रुंदीने दोन्ही टोकांपाशी. वळला तर तोच बॉल उलट दिशेने सोडा. दोन्ही वेळा तो खोलीच्या एकाच बाजूला, म्हणजे समजा खिडकीकडेच, झुकत असेल तर टेबल तिरकं आहे. कधी इकडे, कधी तिकडे भरकटत असेल तर दोष बॉलचा. खात्रीसाठी दुसरा बॉल घ्या.

चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा, म्हणजे दगडी फरशीचा असतो. पूलच्या मोठ्या टेबलात तीन तुकडे जोडलेले असतात. लांबीने सोडलेला बॉल दर वेळी एकाच जागी बारीकसा उडाला किंवा 'टिक' असा आवाज आला, तर तिथे दोन स्लेटांचा सांधा वर आलेला आहे. टेबलाच्या पायाखाली पाचर ठोकून हा दोष जात नाही. बॉल बोर्डावरून घरंगळल्यासारखा पोकळ आवाज करत गेला, तर तळ स्लेटचा नसून लाकडी आहे. अशा टेबलाचा दर कितीही कमी असो, काही शिकायचं असेल तर तिथे वेळ घालवू नका.

पायरी ४: कुशन आणि पॉकेट

आखूड बाजूच्या मध्यातून क्यू बॉल, म्हणजे पांढरा, सरळ लांबीने, जरा जोरात मारा. ९ फुटी टेबलाची कुशनं ठणठणीत असतील तर बॉल टेबलाच्या साधारण चार ते साडेचार लांब्या कापतो. स्पर्धेच्या टेबलांसाठीही हाच निकष धरतात. तीन लांब्यांत बॉल दमला तर एकतर कापड जड झालंय किंवा कुशनचं रबर सुकलंय. मग कुशनच्या प्रत्येक भागावर एकसारख्या जोराने बॉल आपटून ऐका. एखाद्या जागी आवाज 'थप्प' असा मेलेला येतो, तिथे रबर सुटलेलं असतं. पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडायच्या भोकाच्या, तोंडाशी हे फार आढळतं.

पॉकेटचं माप घ्यायला पट्टी लागत नाही. दोन बॉल एकमेकांना चिकटवून कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडात ठेवा. दोन बॉलांची रुंदी मिळून ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच होते, आणि स्पर्धेतलं कोपऱ्याचं पॉकेट याच मापाच्या आसपास असतं. दोन्ही बॉल जेमतेम मावले तर टेबल प्रामाणिक आहे. बोटभर जागा उरली तर पॉकेट सैल आहे. नवशिक्यासाठी सैल पॉकेट वाईट नाही, फक्त तिथे सहा बॉल सलग टाकले म्हणून स्वतःविषयी गैरसमज करून घेऊ नका.

पायरी ५: बॉलचा संच

बेल्जियमच्या अरामिथ या ब्रँडचे फिनॉलिक रेझिनचे (टणक प्लास्टिकचे) बॉल असतील तर मालकाने खर्च केलाय असं समजायचं. एकमेकांवर आपटले की खणखणीत 'खट्ट' येतो. स्वस्तातले पॉलिएस्टरचे बॉल लवकर पिवळे पडतात, त्यांचे टवके उडतात आणि आवाज बोदा येतो.

पार्लरमध्ये सगळ्यात जास्त फसवतो तो पांढरा. प्रत्येक शॉटला मार खाणारा तोच, त्यामुळे झिजतोही तोच. हरवला की दुसऱ्याच संचातला आणून ठेवतात. तपासायला दोन रंगीत बॉलांच्या मध्ये पांढरा ठेवा, तिघांना कुशनला टेकवून एका ओळीत उभं करा आणि वर मोबाइलची कड आडवी धरा. पांढऱ्यावर फट दिसली तर तो लहान झालाय. असा हलका पांढरा स्क्रू (मागे आणायची फिरकी) मारला की नको तितका मागे येतो आणि फॉलोला (पुढे न्यायच्या फिरकीला) पुढे जायचा कंटाळा करतो. त्यावर महिनाभर खेळून दुसरीकडे गेलात की हाताचा सगळा अंदाज चुकतो.

बॉल कळकट असतील तर सरळ पुसून मागा. चॉकचा डाग दोन बॉलांच्या टकरीच्या जागी आला की 'किक' बसते, बॉल भलतीकडे जातो आणि आपण आपल्याच हाताला शिव्या घालत बसतो.

पायरी ६: क्यू, उजेड, जागा

क्यू टेबलावर लोळवून बघायची सगळ्यांना सवय असते, पण क्यू एका बाजूला निमुळता असल्याने ती तपासणी कच्ची. बंदुकीचा नेम धरल्यासारखं बुडाकडून टोकाकडे एका डोळ्याने बघा आणि क्यू हातात फिरवा, वाक लगेच दिसतो. टिप, म्हणजे क्यूच्या टोकाची चामड्याची टोपी, नखाने खरवडा. काचेसारखी गुळगुळीत आणि टणक असेल तर त्यावर चॉक धरत नाही आणि क्यू घसरतो. टिप चपटी असेल तर साईड (बाजूची फिरकी) लावणं विसरा. पंधरा-वीस क्यूंच्या रॅकमध्ये चार बरे निघाले तरी पुष्कळ. नेहमीचे लोक तेच चार उचलतात, म्हणून उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला वाकडे.

उजेड बघायला बॉलच्या सावलीकडे बघा. एकच लांब, काळी सावली म्हणजे एकच दिवा आणि तोही चुकीच्या जागी. टेबलावर उजेड सारखा पसरलेला असेल तर बॉलच्या चहूबाजूंनी फिकट, आखूड सावल्या दिसतात. कोपऱ्यातल्या पॉकेटची कड स्पष्ट दिसते का, तेही बघा. रंगीबेरंगी एलईडी पट्ट्या लावलेल्या ठिकाणी नारिंगी आणि लाल बॉल ओळखताना फजिती होते. फोटो मात्र छान येतात.

जागेचा हिशेब सरळ आहे. टेबलाच्या चारही बाजूंना एक क्यू मावेल एवढी मोकळी जागा हवी. ९ फुटी टेबलाची खेळाची जागा १०० बाय ५० इंच. दोन्ही बाजूंना ५८-५८ इंच धरले तर खोली किमान १८ फूट बाय १४ फूट लागते. मुंबईत एवढी जागा देणं कुणालाच परवडत नाही, म्हणून एखादा खांब, एखादा सोफा किंवा शेजारच्या टेबलावर वाकलेला माणूस मध्ये येतोच. एका बाजूला अडचण असेल तर चालवून घ्या. पण टेबलाशेजारी भिंतीवर आखूड क्यू कायमचा टांगलेला दिसला, की तिथे अडचण रोजची आहे हे ओळखा.

पायरी ७: पावसाळ्याचा विचार करा

मुंबई, कोकण, गोव्यात हा मुद्दा वेगळा सांगावाच लागतो. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कापडात शिरतो आणि बॉल जड चालतो. पावडर न टाकलेल्या कॅरम बोर्डावर सोंगटी जशी अडखळते तसंच. मोठ्या स्नूकर स्पर्धांत टेबलाखाली हीटर लावतात ते कापड कोरडं राहावं म्हणूनच. आपल्याकडे ते काम एसी करतो. म्हणून एसी आहे का यापेक्षा तो कधी चालू असतो ते विचारा. गिऱ्हाईक आल्यावर लावणारे आणि गेल्यावर बंद करणारे पुष्कळ आहेत. तळघरातलं पार्लर असेल तर जुलैत एकदा जाऊन या. भिंतीला ओल आणि हवेत कुबट वास असेल, तर मार्चमध्ये केलेल्या तुमच्या सगळ्या तपासण्या पावसाळ्यापुरत्या रद्द.

पायरी ८: पैशांचा हिशेब

दर तीन प्रकारचे असतात: तासाला, मिनिटाला आणि फ्रेमला, म्हणजे डावाला. पाटीवरचा आकडा बघून स्वस्त-महाग ठरवू नका, आपला वेग बघा. समजा तासाला २४० रुपये, म्हणजे मिनिटाला ४. दोघे नवशिके असतील तर एट बॉल या पूलच्या प्रकाराचा एक डाव सहज २५ मिनिटं चालतो, म्हणजे १०० रुपये. त्याच ठिकाणी डावाला ८० रुपये दर असेल तर नवशिक्यांनी डावाने खेळावं. जो डाव दहा-बारा मिनिटांत संपवतो त्याने मिनिटाने. खेळ जसा सुधारेल तसा मिनिटांचा दर परवडू लागतो.

दर विचारताना चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. किमान अर्ध्या तासाचं बिल लावतात का? घड्याळ कधी सुरू होतं? बऱ्याच ठिकाणी टेबलावरचा दिवा लागला की मीटर सुरू, मग तुम्ही क्यू निवडण्यात पाच मिनिटं घालवा नाहीतर दहा. कर दरात धरलाय की वेगळा? शनिवार-रविवारचा दर निराळा आहे का? दुपारच्या सवलतीची चौकशीही करा, आडवारी बहुतेक ठिकाणी ती असते आणि सरावासाठी तीच वेळ उत्तम.

'लूझर पे' म्हणजे हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, हा रिवाज आपल्याकडे मुरलेला आहे. अनोळखी माणसासोबत खेळणार असाल तर ब्रेकच्या आधी विचारून घ्या. आणि घरचे नियमही: फाउलला पांढरा हवा तिथे ठेवायचा की रेषेमागूनच, शॉट बोलून (कुठला बॉल कुठे टाकणार ते आधी सांगून) मारायचा की नाही, ब्रेकवर काळा पडला तर काय. पार्लरगणिक उत्तरं बदलतात.

पायरी ९: शनिवारी संध्याकाळी पुन्हा जा

दुपारच्या फेरीत टेबल कळलं, आता माणसं बघा. अर्धा तास नुसतं बसून राहा.

चांगल्या पार्लरमध्ये कुणीतरी वाकून शॉट घेत असताना त्याच्या समोरून लोक जात नाहीत, थांबतात. टेबलाच्या कडेवर कुणी कोल्ड्रिंकचा ग्लास ठेवला तर मार्कर येऊन उचलतो. मसे (क्यू जवळजवळ उभा धरून मारायचे) किंवा उडवून मारायचे शॉट नवशिक्यांनी मारू नयेत म्हणून कुणीतरी टोकतं, कारण एका चुकलेल्या शॉटमध्ये कापड फाटतं. जिथे कुणीच कुणाला काही बोलत नाही तिथलं कापड वर्षभरही टिकणार नाही.

सिगारेटचा धूर असेल तर परत फिरा. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. जो मालक ती पाळत नाही तो बाकीचं काय पाळत असेल! पैजांवर मोठे डाव चालत असतील तर तिथे आपलं काम नाही. शाळेच्या गणवेशातली मुलं तासवाल्या हिशेबाने बसलेली दिसली तरी तेच. मैत्रिणी किंवा घरच्या बायका सोबत येणार असतील तर स्वच्छतागृह आधी बघून घ्या. वेगळं आहे का, कडी लागते का, एवढं तरी. मुली नियमित खेळायला येतात का हे दोन शनिवारांत कळतं.

आपल्यापेक्षा बरे खेळणारे तिथे येतात का, हा शेवटचा प्रश्न. नवखा इथेच बिचकतो आणि रिकामं पार्लर पसंत करतो. पण समोरचा खेळाडू पांढरा कुठे आणून ठेवतो हे बाकावर बसून बघण्यात जे शिकता येतं ते एकट्याने तासन् तास बॉल मारून येत नाही. महिन्याकाठी छोटी अंतर्गत स्पर्धा भरवणारं पार्लर मिळालं तर दर थोडा जास्त असला तरी तेच धरा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टेबलं झाडूनपुसून, पातळीत आणून ठेवावीच लागतात, त्याचा फायदा इतरांनाही.

स्नूकर मनावर घेतलं असेल तर क्लबांची वाट वेगळी. पुण्यात पीवायसी हिंदू जिमखाना, पूना क्लब, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, माटुंगा जिमखाना अशा ठिकाणी हा खेळ पिढ्यानपिढ्या जोपासला गेलाय. १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स मूळचे पुण्याचे. सभासदत्व मिळणं आणि परवडणं हे दोन्ही कठीण, पण या क्लबांच्या स्पर्धा असतात तेव्हा जाऊन बसता येतं का ते विचारा. मुंबईत वरळीच्या एनएससीआयची (नॅशनल स्पोर्ट्स क्लब ऑफ इंडियाची) बॉकलाइन ही अखिल भारतीय खुली स्नूकर स्पर्धा आहे. नीट राखलेल्या टेबलावर बॉल कसा धावतो हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आपल्या गल्लीतल्या टेबलाचं काय बिघडलंय ते लगेच कळतं.

जवळपास एकच पार्लर असेल तर

तालुक्याच्या गावी निवडीला वावच नसतो. तिथे प्रत्येक टेबलाची पायरी ३ आणि ४ करून त्यातल्या त्यात बरं टेबल ठरवा आणि जाण्याआधी फोन करून त्याचाच नंबर मागा. स्वतःचा चॉक सोबत ठेवा. जमलं तर स्वतःचा क्यूही, निदान एक बदलता घटक कमी होतो.

आणि मालकाशी बोला. एकट्याने तक्रार केली तर "चालतंय की" म्हणून सोडून देतात. चार नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मिळून नेमकं सांगितलं की ऐकतात. "टेबल खराब आहे" असं मोघम नको. "दोन नंबरचा बॉल खिडकीकडे झुकतो, डावीकडच्या मधल्या पॉकेटजवळ कुशन मेलंय" असं सांगा, शक्य तर बॉल सोडून दाखवा. फिटरला बोलावून पातळी करून घेणं हे नव्या कापडापेक्षा बरंच स्वस्तातलं काम आहे आणि ते अर्ध्या दिवसात उरकतं. कापड बदलायचं ठरलंय असं कळलं तर सांध्याची तक्रार त्याआधीच कानावर घाला, कारण स्लेटचे सांधे कापड उचललेलं असतानाच भरता येतात.